वाढत्या अंगाची स्की घेऊ नका!

मैत्रिणींनो, वाढत्या अंगाचं कापड शिवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही. परकराला खाली चार बोटं दुमड ठेवायची, पुढच्या जूनला उसवून सोडायची. शाळेचे बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापसाचा बोळा कोंबायचा. माझ्या दोन्ही मुली अशाच वाढल्या आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण हीच सवय मी गेल्या हिवाळ्यात सातासमुद्रापार नेली आणि तेरा वर्षांच्या नातीचं मनगट मोडून बसले. मनगट तिचं, चूक माझी.

तुम्ही म्हणाल, स्की म्हणजे त्या बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या ना? त्यांच्याशी आमचा काय संबंध? मीही असंच म्हणत असे. पण आमच्या भिशीत आम्ही बारा जणी, त्यातल्या सात जणींची मुलं परदेशात. कुणी टोरांटोला, कुणी म्युनिकला, माझी थोरली डेन्व्हरला. तिकडे हिवाळा लागला की शाळेतली सगळी पोरं डोंगरावर पळतात. मग आजीला फोन येतो, वाढदिवसाला काय देणार? आजी म्हणते, तुला हवं ते घे बाळ. हे ‘हवं ते’ काय असतं, ते जरा बघून घ्या. मी न बघता बोलले, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

माझ्या नातीला नुसती स्की नको होती. तिला ‘पार्क’ची स्की हवी होती. आपला पार्क म्हणजे झोपाळे, घसरगुंडी आणि भेळवाला. तिकडच्या डोंगरावरचा टेरेन पार्क म्हणजे बर्फ रचून, दाबून केलेले उंचवटे, त्यांच्यावरून हवेत उडी मारायची. मध्येमध्ये लोखंडी नळ्या आणि लांबट पेट्या पुरलेल्या, त्यांच्यावरून घसरत जायचं. आपली मुलं जिन्याच्या कठड्यावरून घसरतात आणि धपाटा खातात ना, तेच, पण पायात दीड मीटरच्या पट्ट्या बांधून, उभ्यानं. कधी उलटं, पाठ पुढे करून. नळीला म्हणतात रेल आणि पेटीला बॉक्स.

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, सुमारे अकरा हजार फुटांवर. तो ओलांडला की कीस्टोन, ब्रेकनरिज, कॉपर माउंटन अशी एकापुढे एक स्कीची ठिकाणं. सगळीकडे असे पार्क आहेत. दाराशी नारिंगी रंगाची लंबगोल खूण आणि आत उड्यांचे आकार लिहिलेले, लहान, मध्यम, मोठा. लहान म्हणजे अगदी बर्फाला टेकलेली रुंद पेटी. ‘मोठा’ मी लांबूनच पाहिला. एक मुलगा घराच्या माळ्याएवढा उंच गेला, दोनदा गरकन फिरला आणि पाठमोरा खाली उतरला. माझ्या हातातला चहा तिथेच गार झाला.

आता चूक कशी झाली ते सांगते. आम्ही मायलेकी जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो होतो. तिकडे शाळा आणि क्लब हिवाळ्याच्या तोंडाशी असा बाजार भरवतात, लहान झालेलं सामान विकायचं, मोठं घ्यायचं. फार चांगली पद्धत आहे. तिथे एक सुंदर निळी जोडी होती, एकशे पासष्ट सेंटिमीटर लांब. नातीची उंची तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, घे, तीन वर्षं पुरेल. बूट एक माप मोठे घेतले आणि आत दोन जोड्या लोकरी मोजे घातले. किती स्वस्तात पडलं याचा आनंद रात्री जेवतानाही पुरला. जानेवारीत ती लहान पेटीवर चढली, स्कीची धारदार कड पेटीच्या काठात अडकली, सैल बुटात पाय फिरला आणि ती हातावर पडली. सहा आठवडे प्लास्टर.

माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दर सोमवारी तिच्याकडे डोंगरावरून फाटके गुडघे येतात. मुलींच्या गुडघ्यातला आतला बंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, हे ती रोज पाहते. तिनं त्या संध्याकाळी निळी जोडी गॅरेजमध्ये टाकली आणि सांगितलं, “पार्क संपला.” नात तिच्याशी बोलेना. एका घरात दोन बायका अबोला धरून आणि तिसरी मध्ये पोळ्या लाटत! जावई बिचारे म्हणाले, “आई, तुम्ही तिघी मिळून काय ते ठरवा.”

वाद सगळा एका बाईवरून चाले. सेरा बर्क नावाची कॅनडाची मुलगी, १९८२ साली जन्मलेली. मुलींच्या स्पर्धाच नव्हत्या तेव्हा ती मुलांच्या स्पर्धेत उतरली. हवेत तीन पूर्ण फेऱ्या घेऊन स्पर्धेत नीट उतरणारी ती पहिली स्त्री. हा खेळ मुलींसाठीही ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून ती झगडली. २०११ मध्ये तो घेतल्याचं जाहीर झालं. आणि जानेवारी २०१२ मध्ये युटा राज्यात सराव करताना ती पडली आणि नऊ दिवसांनी गेली. वय एकोणतीस. २०१४ साली सोची इथे मुली पहिल्यांदा त्या खेळात उतरल्या तेव्हा ती नव्हती. नात म्हणायची, “तिनं आमच्यासाठी केलं.” लेक म्हणायची, “तिनं हेल्मेट घातलं होतं.” दोघीही खरंच बोलत होत्या. मी काय बोलणार?

मला मात्र आमची विहीर आठवे. आजोळी मामाच्या मळ्यात पायऱ्यांची मोठी विहीर होती. मी वरच्या कठड्यावरून सूर मारत असे. बाराव्या वर्षी आजीनं एका शब्दात बंद केलं, आता पुरे. माझा भाऊ मारत राहिला. मी पायरीवर बसून त्याचे कपडे सांभाळत असे. हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं, यंदाही मुद्दाम सांगितलं नाही, कारण तिच्या भीतीला ते उत्तर नव्हतं.

यंदा नोव्हेंबरात मी पुन्हा गेले तेव्हा नातीनं शेजाऱ्यांची मुलं सांभाळून आणि कुत्री फिरवून तीनशे चाळीस डॉलर साठवले होते. चौदा वर्षांची झाली होती. म्हणाली, “आजी, दुकानात येशील माझ्याबरोबर? आईला न सांगता.” मी म्हटलं, येईन, पण सांगून. लेकीला सांगितलं तेव्हा ती भांडी लावत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. “तुला जायचं तर जा. मी येणार नाही. पण बाइंडिंगचा आकडा मला दाखवल्याशिवाय पायात काही घालायचं नाही.”

तर आम्ही गेलो. मोठ्या झगमगीत दुकानात नाही, डोंगराच्या वाटेवर एक छोटं दुकान होतं तिथे. काउंटरवरचा मुलगा विशीतला, कानात डूल, पण शिकवणारा असा की आपल्या शाळेतल्या मास्तरांनी शिकावं. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो स्कीचा नव्हे, बुटाचा. पैसे कमी असतील तर स्की जुनी घ्या, म्हणाला, बूट मात्र पायावर बसवून घ्या.

बूट कसा बघायचा ते नीट ऐका. स्कीच्या बुटाला बाहेर कडक प्लास्टिकचं कवच असतं आणि आत मऊ अस्तराचा बूट. अस्तर काढून ठेवायचं, नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचं. एक ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड बोट. त्याहून जास्त असेल तर बूट मोठा. मग अस्तर घालून बूट बांधायचा. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. मोजा एकच आणि पातळ. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, पायच आत हलतो. आणि हो, दुकानात जाण्यापूर्वी पायाची नखं काढा. आम्ही काढली नव्हती. नात कळवळून म्हणाली, “लहान होतोय,” आणि मोठ्या मापाकडे हात गेला. मुलानं नखं पाहिली आणि हसून कात्री दिली.

मग आली स्कीची पाळी. पार्कची स्की ओळखायची पहिली खूण म्हणजे तिची दोन्ही टोकं वर वळलेली असतात. साध्या स्कीचं पुढचं टोक वळतं आणि शेपूट सपाट असते. पण उडी मारून पाठमोरं उतरायचं तर शेपूट बर्फात रुतून चालेल कसं? कॅनडातल्या काही मुलांना हेच हवं होतं, कंपन्या ऐकेनात. शेवटी १९९८ साली सॉलोमननं त्यांच्या मदतीनं ‘टेनएटी’ नावाची दोन्हीकडे वळलेली स्की काढली आणि तिथून या खेळाचं रूपच पालटलं. नाव हवेतल्या तीन फेऱ्यांवरून, तीन गुणिले तीनशे साठ अंश. पुढे २००२ मध्ये काही स्कीपटूंनी आर्माडा नावाची स्वतःचीच कंपनी काढली. खेळणाऱ्यांनीच दुकान थाटावं हे मला आवडलं. पापड लाटणाऱ्या बायकांनी कंपनी चालवावी, तसं.

लांबी. पार्क नव्यानं शिकणाऱ्या मुलीला स्की उभी धरली असता नाक ते कपाळ इथवर पुरे. तयार झालेले डोक्याइतकी घेतात. आखूड स्की गरकन फिरते, लांब स्की वेगात स्थिर राहते. नातीची उंची आता एकशे बावन्न, तिला एकशे अठ्ठेचाळीसची दिली. “पुढच्या वर्षी लहान होईल की,” मी म्हटलंच, जित्याची खोड! तो मुलगा शांतपणे म्हणाला, “होईल. तेव्हा विका.” मला ते पटायला घरी येईपर्यंत वेळ लागला. लहान झालेली स्की बाजारात अर्ध्या किमतीला जाते, मोडलेल्या मनगटाला कुणी काही देत नाही.

स्कीला कंबर असते, बरं का. मधला भाग निमुळता, तो मिलिमीटरमध्ये मोजतात. पार्कच्या स्कीची कंबर साधारण ऐंशी ते शंभरच्या मध्ये. बारीक कंबरेची चटकन कुशीवर वळते, रुंद असेल तर उतरताना पायाखाली जास्त आधार मिळतो आणि भुसभुशीत बर्फातही चालते. हलक्या अंगाच्या मुलीला फार रुंद ओढवत नाही. आम्ही चौऱ्याऐंशी घेतली.

आता खरी मेख, ती लवचीकपणाची. स्की ‘खेळकर’ आहे की नाही हे यावर ठरतं. दुकानातले लोक हा शब्द फार वापरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, खेळकर म्हणजे काय, स्की हसते का? अर्थ एवढाच की ती वाकते, परत उसळते, सहज फिरते आणि तुमची छोटी चूक पोटात घालते. तपासायचं असं: शेपूट जमिनीवर टेकवायची, टोक एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं मधोमध दाबायचं. टोकाकडे कशी वाकते, मध्याकडे कशी, शेपटीकडे कशी, तेही पाहायचं. पाच-सहा जोड्या ओळीनं दाबल्या की आपला हातच सांगायला लागतो. कणीक मळताना पाणी किती हवं हे कोण पुस्तकात बघतं? मऊ स्कीवर टोकावर भार देऊन बर्फावरच गिरकी घेता येते. या युक्तीला ती मुलं ‘बटर’ म्हणतात, अगदी लोणी फासल्यासारखं. रेलवरही मऊ स्की बरी. मोठ्या उडीनंतर मात्र मऊ स्की खाली उतरताना नमते आणि मनुष्य मागे पडतो, तिथे कडक लागते. शिवाय कडकपणा वजनाशी तोलायचा. पंच्याहत्तर किलोच्या मुलाला जी मऊ, ती माझ्या नातीला लाकडाची फळी. आमची ती निळी सुंदरी मी आठवून पाहिली. दोन हातांनीही ती वाकली नसती.

त्यातच आकार. काही स्की मधोमध कमानीसारख्या उचललेल्या असतात, भार दिला की दबतात आणि उसळी देतात. काहींची टोकं आधीपासूनच बर्फापासून सुटून वर उठत जातात, त्या सहज फिरतात आणि कडा कमी अडकतात. हल्ली बहुतेक पार्कच्या स्कीत दोन्हींची मिसळ असते, पायाखाली कमान आणि टोकं उचललेली. शिकणारीनं तशीच घ्यावी, फार डोकं चालवू नये. आत लाकूड असतं हे मात्र मला ठाऊक नव्हतं! पॉप्लर, अ‍ॅस्पेन ही हलकी लाकडं, बीच, अ‍ॅश ही टणक. फार हलकी स्की हवेत छान वाटते पण रेलवर आपटून लवकर कामातून जाते. लोखंडी कडा जाड आहेत का, बाजूच्या प्लास्टिकच्या भिंती भरीव आहेत का, हे विचारून घ्या.

आणि एक गोष्ट, जी घरचं कुणी विचारत नाही. बूट अडकवायचं बाइंडिंग स्कीवर नेमकं कुठे ठोकायचं? साध्या स्कीवर ते मध्यापासून बरंच मागे असतं. पार्कवाले ते मध्याजवळ आणतात, म्हणजे पुढे-मागे स्की सारखी राहते आणि फिरायला व पाठमोरं जायला सोपं जातं. पण अगदी मध्यावर ठोकलं तर ताज्या खोल बर्फात टोक बुडतं. नात मध्यच हवा म्हणून हटून बसली होती. ती आठवड्यातून एक दिवस डोंगरावर, त्यातला अर्धा दिवस पार्कमध्ये आणि उरलेला मैत्रिणींबरोबर. मध्यापासून तीन सेंटिमीटर मागे ठरलं. एकदा भोकं पाडली की पाडली, म्हणून आधी बोलून घ्यावं.

नवी पार्कची स्की चारशे ते सहाशे डॉलरला, बाइंडिंग वेगळं. नातीच्या तीनशे चाळीसात ते बसेना. बूट मी घेतले, स्की तिनं जुन्यातल्या निवडल्या. जुनी स्की घेताना साडी जशी उजेडाकडे धरून बघतो, तसं करा. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा, मधली फट दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. लोखंडी कडेवरून नखं फिरवा, पायाखालच्या भागात रेलवर आपटून तडे गेलेले असतात. बारीक तडा पार्कच्या स्कीला चालून जातो, पण कड बाहेर निघू लागली असेल तर नको. टोकाशी थर सुटलेत का ते अंगठ्यानं दाबून पाहा. तळावरचा ओरखडा भरता येतो, आतलं लाकूड दिसत असेल तर विचार करा. जुन्या बाइंडिंगची किती भोकं बुजवली आहेत ते मोजा. जुनं बाइंडिंग फुकट मिळालं म्हणून हुरळू नका. कंपन्या दरवर्षी यादी काढतात, यादीबाहेरच्या बाइंडिंगला चांगलं दुकान हात लावत नाही. बर्फात स्की थांबवणारे जे दोन काटे बाइंडिंगला असतात तेही कंबरेच्या मापाचे हवेत.

आता बाइंडिंगचा आकडा. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून एक स्प्रिंग असते, ती किती घट्ट हे त्या आकड्यानं ठरतं. तो अंदाजानं लावत नाहीत. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळणारी सावध आहे की धाडसी, यावरून तक्त्यात पाहतात. नातीनं फॉर्म भरला. मी सहज डोकावले तर वजन लिहिलेलं एकेचाळीस. आदल्याच रविवारी माझी बॅग तोलायला काढलेल्या काट्यावर ती उभी राहिली होती आणि मी पाहिलं होतं, शेहेचाळीस. काउंटरवरचा मुलगा तरुण, डूल घातलेला, आणि ही चौदा वर्षांची. मला सगळं कळलं. आपण नाही का रेशनकार्डावर वय चोरलं! मी काही बोलले नाही. पेन घेतलं आणि एकाचा सहा केला. ती कानापर्यंत लाल झाली आणि तिकडे हेल्मेट बघायला गेली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी मुलगी असेल तर एवढं एक लक्षात ठेवा. वजन कमी सांगितलं तर स्प्रिंग सैल लागते आणि उडीवरून उतरताना बूट अवचित सुटतो. धाडसी आहे म्हणून बढाई मारली तर ती घट्ट लागते, बूट सुटायला हवा तेव्हा सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. दोन्हीत खोटं बोलणाऱ्याचंच हाड. आणि कुणी मित्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ‘सारखं सुटतंय, जरा आवळतो’ म्हणाला तर त्याला हाकलून द्या.

हेल्मेट डोक्यावर पट्टा न बांधता हलवून पाहायचं, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. आत प्रमाणाचं लेबल बघा, एएसटीएम एफ २०४० किंवा युरोपचं ईएन १०७७. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं, म्हणून जुनं घेऊच नये. इथे काटकसर नको.

दुकानदारानं सगळं बांधून ठेवलं, पण हातात देईना. मुलगी अल्पवयीन, कागदावर आई किंवा वडिलांची सही हवी. माझी चालणार नाही. म्हटलं, झालं, सगळं मुसळ केरात. घरी येऊन मी तो कागद लेकीपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून खालपासून वरपर्यंत वाचला. वजनाच्या आकड्यावरची खाडाखोड पाहिली, माझ्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. म्हणाली, “हे बरोबर आहे?” नात म्हणाली, “हो.” शनिवारी लेक स्वतः दुकानात आली. तिनं त्या मुलाला तीन प्रश्न विचारले, सुटतं का हे यंत्रावर तपासलंत का, कडा बोथट केल्यात का, आणि पहिल्या दिवशी कुणी शिकवणारं असतं का. पहिल्याला त्यानं तपासणीचा कागद दाखवला. तिसऱ्याला डोंगरावरच्या शिकवणीचं पत्रक दिलं. दुसऱ्याला म्हणाला, “थोड्या केल्यात, पायाखाली अजून करा.”

ते काम आम्ही घरी केलं. नळीवर आणि पेटीवर धारदार कड अडकते, हेच गेल्या वर्षी झालं होतं. म्हणून पार्कच्या स्कीची धार टोकांकडे आणि पायाखाली बारीक कानशीनं मोडतात. सगळी कड मात्र बोथट करायची नाही, कडक बर्फावर थांबायला ती लागते. हातात जाड मोजे घालायचे. मी स्की धरली, लेकीनं कानस चालवली. बोलणं फारसं झालं नाही.

पहिल्या दिवशी चौघं गेलो. लहान पार्क, बर्फालगत पुरलेली रुंद पेटी. शिकवणारी बाई मुलांना एकच सांगत होती, स्की सपाट ठेवा, कडेवर जाऊ नका, नजर पेटीच्या शेवटाकडे. पायाकडे बघाल तर पायाशी पडाल. आधी नुसतं बाजूनं जाऊन पाहायचं, पुढचा माणूस खाली उतरून दूर झाला की हात वर करून निघायचं. माझ्या शेजारी लेक उभी होती, दोन्ही हात खिशात. नात आली, पेटीवर चढली, अर्ध्यावर डुगडुगली आणि बाजूला पडली. एक स्की सुटून काट्यांवर थांबली. लेकीचा पाय पुढे पडला आणि तिनं तो मागे घेतला. नातीनं स्की उचलली, बुटाचा बर्फ झाडला, खट्‌कन पाय अडकवला. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा पेटीच्या शेवटापर्यंत गेली आणि खाली उतरून पहिल्यांदा आईकडेच पाहिलं.

“बाइंडिंग बरोबर सुटतंय,” लेक म्हणाली. बाकी काही नाही. मग तिनं खिशातून थर्मास काढला.

अट अजून आहे. लहान पार्क पूर्ण सफाईनं जमेपर्यंत मध्यमकडे जायचं नाही आणि दमलं की उतरायचं, कारण हातपाय शेवटच्या फेरीत मोडतात हे लेकीचे सोमवार सांगतात. नातीच्या खोलीत आता आयलीन गूचं चित्र लावलंय. २०२२ साली बीजिंगला अठरा वर्षांच्या या मुलीनं दोन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. तिला आई आणि आजी दोघींनी मिळून वाढवलं, हे नातीनं मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, आई ऐकेल असं.

राहिलं एक, सांभाळण्याचं. डोंगरावरून आलं की स्की ओल्या तशाच पिशवीत कोंबायच्या नाहीत, कडा एका रात्रीत गंजतात. पुसून, घरात उभ्या करून सुकवायच्या. बुटातलं अस्तर सैल करून वाळवायचं, पण हीटरला चिकटवायचं नाही. हंगाम संपला की तळाला मेणाचा जाड थर देऊन, न खरवडता, कोरड्या जागी ठेवायच्या. पुसायला सुती, धुऊन मऊ झालेलं फडकं सगळ्यात चांगलं. मी निघताना माझ्या जुन्या नऊवारीचा एक तुकडा फाडून नातीच्या स्कीच्या पिशवीत ठेवला होता. गेल्या रविवारी फोन आला तेव्हा नात झोपली होती. मी विचारलं, “कडा पुसल्या का गं तिनं?”

“नाही,” लेक म्हणाली, “मी पुसल्या.”